विहीर खणणारा विश्वास

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. नेरूळमध्ये आमच्या मंडळीतल्या एका कुटुंबाच्या घरी संध्याकाळची प्रार्थनासभा होती. बाहेर मुसळधार पाऊस, त्यामुळे माणसं बेताचीच. गाणी झाली, शास्त्रपाठ झाला. त्या दिवशीचा भाग होता डोंगरावरच्या प्रवचनातला. आकाशातली पाखरं पेरीत नाहीत, कोठारात साठवीत नाहीत, तरी त्यांना खायला मिळतं, तेव्हा उद्याची चिंता करू नका, हा तो भाग. आपल्यापैकी अनेकांना तो पाठ असेल. सभा संपली, चहा आला आणि त्या घरची सून माझ्याजवळ येऊन बसली. माझ्या हाताखाली शिकलेली मुलगी. तिच्या नवऱ्याची कंत्राटी नोकरी महिन्याभरापूर्वी गेली होती. घराचे हप्ते, दोन मुलांची शाळा, सासूबाईंची औषधं. ती हळू आवाजात म्हणाली, "बाई, सगळे सांगतात विश्वास ठेव. ठेवते. पण विश्वास ठेवायचा म्हणजे रोज सकाळी उठून करायचं काय?"

मला पटकन उत्तर देता आलं नाही. मी आयुष्यभर इतिहास शिकवला. सनावळ्या विचारल्या असत्या तर सांगितल्या असत्या. पण हा प्रश्न मला नवा नव्हता. १९९८ साली ठाणे-बेलापूर पट्ट्यातला माझ्या यजमानांचा कारखाना बंद पडला, तेव्हा मीही हाच प्रश्न विचारला होता. नगर जिल्ह्यातून आम्ही या खाडीपलीकडच्या नव्या शहरात आलो ते त्याच कारखान्याच्या भरवशावर. तो भरवसा एका सकाळी फाटकावरच्या नोटिशीने संपला. त्या वर्षभरात मी प्रार्थना केल्या, त्यातल्या निम्म्या रागाच्या होत्या. अशा वेळी लोक धीर देतात, तो मनापासून देतात. पण रात्री दोन वाजता जाग आली की तो धीर पुरत नाही.

त्या काळात मला आधार मिळाला तो इतिहासाच्याच एका पानाचा. आज त्याच पानाविषयी बोलणार आहे. ते पान आहे पंडिता रमाबाईंचं. शाळेच्या पुस्तकात त्या समाजसुधारक म्हणून येतात. शारदासदन, विधवांचं शिक्षण, हंटर आयोगापुढची साक्ष एवढं आपण वाचतो आणि पुढे जातो. उद्याची कसलीच खात्री नसताना देवावर भरवसा टाकून जगणं म्हणजे काय, याचा फार मोठा आणि फार कडक धडा या बाईंच्या आयुष्यात आहे, तिकडे सहसा आपलं लक्ष जात नाही.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. त्यांनी लोकापवाद सोसून आपल्या पत्नीला संस्कृत शिकवलं आणि त्या आईने रमाबाईंना. पुढे घरची स्थिती खालावली आणि हे कुटुंब गावोगाव, तीर्थोतीर्थी पुराणं सांगत फिरू लागलं. १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. जवळचा पैसा संपला, भांडी गेली, अंगावरचं किडूकमिडूक गेलं. व्रतं, अनुष्ठानं चालूच होती. रमाबाईंनी पुढे या दिवसांबद्दल लिहिलं आहे. त्यात एक गोष्ट त्यांनी अगदी स्पष्ट मांडली आहे. घरात विद्या होती, पण पोटासाठी हाताने करायचं एकही काम कुणाला येत नव्हतं आणि असं काम करणं, कुणापुढे हात पसरणं हे प्रतिष्ठेला शोभणारंही वाटत नव्हतं. शेवटी रानातला पाला खाण्याची वेळ आली.

त्या दुष्काळात आधी वडील गेले. त्यांची दृष्टी गेलेली होती. जाण्यापूर्वी त्यांनी धाकट्या लेकीला जवळ घेतलं आणि तुला मी देवाच्या हाती सोपवलं आहे, तू त्याची आहेस, जन्मभर त्याचीच सेवा कर, अशा अर्थाचं सांगितलं. मागोमाग आई गेली. तिला स्मशानात न्यायला चार माणसंही मिळेनात. दोघांना दया आली, तिसरा भाऊ श्रीनिवास आणि चौथा खांदा सोळा वर्षांच्या रमाबाईंचा. त्यांची उंची कमी, तिरडी खांद्यावर टेकेना, म्हणून त्यांनी आपल्या बाजूचा भार डोक्यावर घेतला.

हे चित्र मी कधी विसरू शकले नाही. वडिलांच्या विश्वासात खोट नव्हती, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. धर्म पुढे बदलला, तरी रमाबाईंनी बापाचे ते शेवटचे शब्द जन्मभर जपले. पण त्या दुष्काळाने त्यांच्या मनावर दोन गोष्टी कोरल्या. भूक काय असते ही एक. आणि माणसाच्या हाताला काम येत नसेल तर संकटात त्याची काय गत होते, ही दुसरी.

पुढची काही वर्षं वाऱ्यावरच्या पाचोळ्यासारखी गेली. बहीणभाऊ पायी हिंडत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचले. तिथे पंडितांनी रमाबाईंना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरवलं. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केलं. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती, तोच फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने पती गेले. पदरात मनोरमा ही तान्ही मुलगी. वय अवघं तेवीस. एका आयुष्यात माणसाला आणखी किती अनिश्चितता हवी?

१८८२ मध्ये त्या पुण्याला आल्या, १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तिथून अमेरिका. बोस्टनला १८८७ च्या अखेरीस तिथल्या मंडळींनी रमाबाई असोसिएशन स्थापून दहा वर्षं मदत द्यायचं कबूल केलं. त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन सुरू झालं आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. सदनात धर्माचा आग्रह नसेल असं ठरलं होतं. पण रमाबाईंच्या प्रार्थनेला मुली बसू लागल्या, काहींचा ओढा ख्रिस्ताकडे दिसू लागला आणि १८९३ मध्ये वादळ उठलं. रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाजूला झाले, पालकांनी मुली काढून नेल्या. दोन्ही बाजूंना आपापलं म्हणणं होतं. आपल्या विषयापुरतं एवढंच की, ज्यांच्या आधारावर संस्था उभी होती त्यातले बरेच खांब एका वर्षात निखळले. आणि अमेरिकेच्या मदतीची दहा वर्षंही १८९८ ला संपायची होती.

इथे रमाबाईंनी काय केलं ते पाहण्यासारखं आहे. पुण्याहून दौंडकडे जाताना सुमारे साठ किलोमीटरवर केडगाव आहे. तिथे त्यांनी जवळजवळ शंभर एकर जमीन घेतली. विहिरी खणायला घेतल्या, फळझाडं लावली. हिशेब साधा होता. परदेशातून पैसा येणं थांबलं तर बागेच्या उत्पन्नावर मुलींचं भागावं. म्हणजे जी बाई देवावर भरवसा ठेवायला निघाली होती, ती त्याच वेळी कलमं लावत होती आणि पाण्याचा अंदाज घेत होती.

याच सुमारास त्यांच्या हाती तीन पुस्तकं आली. एकात जॉर्ज म्युलर यांची हकिकत होती. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात १८३६ पासून त्यांनी अनाथालयं चालवली, दहा हजारांवर मुलं सांभाळली आणि कुणाकडे वर्गणी न मागता फक्त प्रार्थना करायची असा नेम पाळला. दुसरं पुस्तक हडसन टेलर यांच्या चीनमधल्या कामाचं, तिसरं पॅसिफिक महासागरातल्या बेटांवर काम केलेल्या जॉन पेटन यांचं. ती वाचून रमाबाईंच्या मनात जो प्रश्न आला तो त्यांनी १९०७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या साक्षीत नोंदवून ठेवला आहे. इंग्लंडात, चीनमध्ये असा भरवसा टाकता येतो, तो इथे हिंदुस्थानात टाकता येईल का?

मला हा प्रश्न फार प्रामाणिक वाटतो. ब्रिस्टलच्या देवाला केडगाव माहीत आहे का, असंच जणू त्या विचारत होत्या. आपणही तेच विचारतो. पुस्तकातल्या माणसांना मदत झाली असेल, पण नेरूळच्या या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, माझ्या घरी?

आपण नवी मुंबईहून केडगावला निघालो की वाटेत लोणावळा लागतं. तिथे १८९६ मध्ये ख्रिस्ती लोकांचं एक शिबिर भरलं होतं. रमाबाई आपल्या पंधरा मुली घेऊन गेल्या होत्या. एका पहाटे त्या एकट्याच डोंगरावर गेल्या आणि प्रार्थना केली की, या पंधरांच्या पंधरा पट, म्हणजे दोनशे पंचवीस मुली मला दे. सदनात तेवढी जागा नव्हती, तेवढा पैसाही नव्हता. अशी मागणी करताना आपण जपून करतो. कारण मागितलं ते मिळालं तर त्याची जबाबदारीही येते.

ती कशी आली पाहा. त्याच वर्षाच्या अखेरीस मध्य प्रांतात दुष्काळ पडला. बातम्या येऊ लागल्या, तशी रमाबाईंच्या डोळ्यांपुढे १८७४ उभं राहिलं. त्या स्वतः तिकडे गेल्या आणि पोरक्या, उपाशी मुली, विधवा यांना घेऊन येऊ लागल्या. काही महिन्यांत त्यांची संख्या तीनशेच्या आसपास गेली. तोवर पुण्यात प्लेग शिरला होता. शहरात इतक्या मुली एकत्र ठेवायला सरकारी मनाई झाली. मग सगळा लवाजमा केडगावच्या शेतावर गेला. तिथे धड इमारत नव्हती. तंबू आणि झोपड्या टाकून मुलींची सोय झाली. जी जमीन फळांच्या उत्पन्नासाठी घेतली होती, ती माणसांच्या निवाऱ्याला आली. हेच पुढचं मुक्तिसदन.

रमाबाईंनी बाग लावली तेव्हा त्यांना दुष्काळ ठाऊक नव्हता, प्लेग ठाऊक नव्हता. त्यांनी आपल्या अकलेप्रमाणे एक तजवीज केली आणि त्या तजविजीचा उपयोग वेगळ्याच कामाला झाला. विश्वासू माणसाला पुढचं दिसत नाही, ते कुणालाच दिसत नाही. त्याने आज समोर असलेलं काम नीट केलेलं असतं. मग उद्या जे काही येतं, त्याला पाय ठेवायला जागा असते.

१८९८ मध्ये त्या पुन्हा अमेरिकेला गेल्या. कराराची दहा वर्षं पुरी झाली होती. शारदासदनासाठी मदत पुढेही मिळाली, पण केडगावच्या शेकडो मुलींच्या जेवणाची हमी कुणीच दिलेली नव्हती. १९०० मध्ये गुजरातेत भीषण दुष्काळ पडला आणि तिथूनही मुली आल्या. मुक्तिसदनातल्या माणसांची संख्या दीड हजाराच्या वर गेली. ज्यांच्या घरी पाच माणसांचा महिन्याचा किराणा भरला जातो, त्यांनी दीड हजार माणसांच्या दोन वेळच्या भाकरीचा विचार करून पाहावा.

आता आमच्या त्या मुलीचा प्रश्न. रमाबाई रोज सकाळी उठून करत काय? पहाटे प्रार्थना, हे तर झालंच. त्यानंतर तिथे काम सुरू होई. मुली शेतात जात, गुरं राखत, दूध काढत. माग चालत, तेलाचा घाणा फिरे, कपडे शिवले जात. छापखाना होता, त्यात खिळे जुळवायला मुली शिकत. आंधळ्या मुलींनाही शिकवण्याची सोय होती. दुष्काळात जगलेल्या या मुलीला आपल्या आईबापांचा अनुभव विसरता आलेला नव्हता. इथे येणारी प्रत्येक पोर हाताने काहीतरी करायला शिकलीच पाहिजे, हा त्यांचा कटाक्ष होता. बापाने दिलेला भरवसा त्यांनी टाकला नाही. त्या भरवशाच्या जोडीला बापाच्या घरी जे नव्हतं ते त्यांनी आणलं, ते म्हणजे कष्ट.

हे सगळं ऐकून कुणाला वाटेल, की चला, विश्वास ठेवला आणि सगळं सुरळीत झालं. तसं झालेलं नाही आणि तसं सांगणं खोटेपणाचं होईल. दुष्काळातून आणलेल्या कितीतरी मुली इतक्या खंगलेल्या होत्या, की त्या वाचल्या नाहीत. त्यांच्यासाठीही प्रार्थना झालीच होती. आणि सगळ्यात मोठा घाव शेवटी बसला. मनोरमा, ती एकुलती एक मुलगी, आईच्या कामात वाढली, परदेशी शिकून आली, मुंबई विद्यापीठाची पदवीधर झाली. गुलबर्ग्याला तिने मुलींची शाळा चालवली. आपल्यामागे मुक्तिसदन तिनेच सांभाळायचं, असं रमाबाईंच्या मनात होतं. जुलै १९२१ मध्ये, चाळिशीत, मनोरमा वारली. पुढची सारी योजना त्या दिवशी मोडली.

तेव्हा रमाबाई त्रेसष्ट वर्षांच्या होत्या, ऐकू कमी येत होतं, प्रकृती ढासळलेली होती. त्यांनी बरीच वर्षं एक काम हाती घेतलं होतं. बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर, तेही मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून. खेड्यातल्या कमी शिकलेल्या बाईलाही समजावं, म्हणून त्यांनी उतारवयात या भाषांचा अभ्यास केला होता. मुलगी गेल्यावर त्यांनी ते काम सोडलं नाही. छापखान्यातून येणारी मुद्रितं तपासत राहिल्या. शेवटची मुद्रितं पुरी करण्यापुरतं आयुष्य त्यांनी देवाकडे मागून घेतलं, असं त्यांच्या माणसांत सांगितलं जातं. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. तो ग्रंथ पूर्ण रूपात लोकांच्या हाती आला १९२४ मध्ये. त्यांनी तो बांधलेला पाहिला नाही.

मुलगी गमावलेल्या बाईने मुद्रितांवर मान वाकवून काना-मात्रा तपासाव्यात, यापेक्षा देवावरच्या विश्वासाची वेगळी व्याख्या मला करता येत नाही. आपलं चांगलंच होईल, अशी खात्री त्यात नव्हती. ती खात्री असण्याचं वय आणि परिस्थिती केव्हाच मागे पडली होती. आपण त्याच्या हातात आहोत, हे बापाने कानात सांगितलेलं वाक्य तेवढं शिल्लक होतं आणि आजचं काम आजच करायचं एवढं ठाऊक होतं.

आणि पाखरांचं म्हणाल, तर मला ती गोष्ट पुष्कळ उशिरा कळली. आमच्या खाडीकाठी सकाळी फिरायला जाते तेव्हा पाहते, पाखरं स्वस्थ बसलेली नसतात. ओहोटी लागली की चिखलात उतरतात, दिवसभर चोच मारत राहतात. कोठार मात्र बांधत नाहीत. उद्याची चिंता करू नका असं सांगितलं आहे. आज काही करू नका असं कुठेही सांगितलेलं नाही.

माझ्या यजमानांना पुन्हा तशी नोकरी मिळाली नाही. त्यांनी वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी वीजजोडणीचं काम शिकून घेतलं, मी शिकवण्या धरल्या. घर चाललं. ते दिवस चांगले होते असं मी म्हणणार नाही. पण त्या दिवसांत आम्हाला एकटं सोडलं गेलं नव्हतं, एवढं मी साक्ष म्हणून सांगू शकते.

त्या पावसाळी संध्याकाळी त्या मुलीला मी केडगावची ही हकिकत थोडक्यात सांगितली. ती ऐकून घेऊन म्हणाली, "म्हणजे बाई, पुढे काय होणार ते रमाबाईंनाही माहीत नव्हतं?"

"नव्हतं गं."

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "आपण दोघी परत एकदा प्रार्थना करू या का?"

"करू या," मी म्हटलं, "आणि ती झाली की एक वही-पेन आण. हप्ते किती, शाळेची फी कधी, कुणाला भेटायचं, तुला स्वतःला काय येतं, सगळं लिहून काढू."

ती आधी उठून वही घेऊन आली. मग आम्ही डोळे मिटले.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)